गियरचा खडाक आवाज : आधी क्लचचा प्ले बघा, इंजिन नंतर उघडा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात खड्ड्यांवर, ट्रॅफिकवर, पार्किंगवर रोज पत्रं येतात आणि ती यायलाच पाहिजेत, पण या सगळ्याचा मार बाइकच्या ज्या भागावर सगळ्यात जास्त बसतो त्या क्लचबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हे पत्र. माझं भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत छोटं गॅरेज आहे, फक्त बाइकचं काम करतो. पाऊस ओसरायला लागला की दरवर्षी एकच तक्रार घेऊन माणसं येतात, गियर टाकला की खडाक करून आवाज येतो, गाडी पुढे उडी मारते, सिग्नलला उभं राहिल्यावर न्यूट्रल लागत नाही. यातल्या बऱ्याच जणांना आधीच कुणीतरी घाबरवलेलं असतं, एकाला सांगितलेलं असतं क्लच प्लेट गेली, दुसऱ्याला सांगितलेलं असतं गियरबॉक्स उघडावा लागेल, आणि तो माणूस बिचारा पगाराच्या तारखेचा हिशोब करत उभा असतो. अशा गाड्यांत खूप वेळा क्लचच्या वायरचा प्ले, म्हणजे लिव्हरची सुरुवातीची मोकळी हालचाल, बिघडलेला असतो, बाकी काही नाही. दोन पाने (स्पॅनर) आणि पाव तास, एवढंच काम असतं ते. पैसे लागले तर एका वायरचे.

आवाज का येतो ते आधी सांगतो कारण ते कळलं की कुणी घाबरवू शकत नाही. बाइकच्या गियरबॉक्समध्ये गियरचे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, आपण पायाने गियर टाकतो तेव्हा एका गियरच्या बाजूला असलेले जाड दात, आम्ही त्यांना डॉग म्हणतो, ते सरकून शेजारच्या गियरच्या खाचेत बसतात. गाडी उभी असते तेव्हा मागचं चाक थांबलेलं म्हणून त्याच्याकडचा शाफ्टही थांबलेला असतो. क्लच पूर्ण दाबला की इंजिनकडचा शाफ्टही मोकळा होऊन हळू व्हायला पाहिजे, मग हे डॉग टक करून बसतात. हा टक आवाज प्रत्येक बाइकला असतो, नव्या गाडीलाही असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच अर्धवटच सुटत असेल, म्हणजे त्याच्या आतल्या प्लेट एकमेकांपासून पूर्ण वेगळ्या होत नसतील, तर इंजिनकडचा शाफ्ट जोरात फिरतच राहतो, आणि फिरता डॉग थांबलेल्या खाचेवर आपटतो. तो खडाक आवाज हाच. गाडी पुढे उडी मारते तेही याच कारणाने, क्लच दाबलेला असूनही इंजिनची थोडी ताकद चाकापर्यंत पोचत असते.

न्यूट्रलचंही तेच. इंजिन चालू असताना न्यूट्रल लागत नाही, पण इंजिन बंद केलं की पहिल्या झटक्यात लागतो, असं होत असेल तर गियरबॉक्सवर संशय घ्यायच्या आधी क्लचवर घ्या. ही तपासणी कुणीही करू शकतं, कुठेही, फुकट.

आता मुंबईतच हे जास्त का होतं त्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय. मुलुंड किंवा भांडुपवरून फोर्टला रोज बाइकने जाणारा माणूस कुठून जातो ते बघा. ईस्टर्न फ्रीवेवर टू व्हीलर चालत नाही. जेजे फ्लायओव्हर २०१० पासून टू व्हीलरला बंद आहे. पश्चिमेकडच्या माणसाला सी लिंक २००९ ला सुरू झाला तेव्हापासून बंदच, कोस्टल रोडवर बंद, २०२४ ला अटल सेतू आला तोही बंद. त्यामागे सुरक्षेची कारणं सांगतात, त्यावर मी इथे वाद घालत नाही, पण त्याचा परिणाम असा की जिथे गाडी चौथ्या-पाचव्या गियरला आरामात चालली असती ते सगळे रस्ते बाइकवाल्याला बंद, आणि त्याच्या वाट्याला सायन, दादर, परळ, भायखळा आणि मग जेजे पुलाच्या खालून मोहम्मद अली रोड. अंधेरीकडे जाणाऱ्याला साकीनाका. म्हणजे पहिला, दुसरा, हाफ क्लच, ब्रेक, न्यूट्रल, परत पहिला, हेच तासभर. पुण्या-नाशिककडे हायवेला चालणारी गाडी जेवढा क्लच एका आठवड्यात वापरत नसेल तेवढा ही गाडी एका सकाळी वापरते. त्यात पाऊस, लिव्हरजवळच्या तोंडातून पाणी वायरच्या आत जातं, आतली तार गंजते, बाहेरचं कव्हर हेडलाइटच्या मागे वाकतं तिथे घासून घासून तार जड होते. कंपनीने पुस्तकात सर्व्हिसचे जे किलोमीटर दिलेत ते सगळ्या प्रकारच्या रस्त्यांचा विचार करून दिलेले असतात, आपल्या गाडीचा क्लच त्याच्या आधीच हात मागतो.

आणि याच्यात एक चक्र आहे ते लक्षात घ्या. क्लच नीट सुटत नाही म्हणून सिग्नलला न्यूट्रल लागत नाही. न्यूट्रल लागत नाही म्हणून माणूस अख्खा सिग्नल पहिल्या गियरमध्ये क्लच दाबून उभा राहतो. पूर्ण न सुटलेल्या प्लेट त्या सगळ्या वेळात एकमेकांवर घासून गरम होतात, लोखंडी प्लेट जास्त तापली की तिला वाक येतो, आणि वाकलेली प्लेट तर कधीच नीट सुटत नाही. मग जे काम वायरवर भागलं असतं ते खरोखरच प्लेटपर्यंत जातं. डावा पंजा आणि मनगट दुखतं ते वेगळंच, दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना विचारा.

आता प्ले. लिव्हर दाबायला घेतली की सुरुवातीला ती थोडी मोकळी हलते, मग वजन लागतं, त्या मोकळ्या हलण्याला प्ले म्हणतात. बहुतेक १०० ते १२५ सीसीच्या कम्युटर गाड्यांना लिव्हरच्या टोकाला मोजला तर तो १० ते २० मिलीमीटर ठेवायला सांगतात. काही कंपन्या टोकाला न मोजता लिव्हरच्या मुळाशी, म्हणजे ती ब्रॅकेटमध्ये शिरते तिथल्या फटीत मोजायला सांगतात, तिथे तो २-३ मिलीमीटर असतो, म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते एकदा बघून घ्या, आकडा आणि मोजायची जागा दोन्ही.

प्ले खूप जास्त झाला की लिव्हर पूर्ण दाबली तरी अर्धा प्रवास ढिलेपणातच संपतो, क्लच सुटत नाही, आवाज येतो, न्यूट्रल हरवतो. प्ले एकदम शून्य झाला की उलटं, लिव्हर सोडली तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो, मग तो घसरतो, पुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, जळका वास येतो, पेट्रोल जास्त खाते. इथेच बहुतेकांची गल्लत होते. गिऱ्हाईक येऊन सांगतं "जरा क्लच टाइट करून द्या", आणि समोरचाही न बघता टाइट करून देतो. पण वायर नवीन असताना थोडी ताणली जाते, कव्हर दबतं, तेव्हा प्ले वाढतो, आणि आतल्या फ्रिक्शन प्लेट झिजत जातात तेव्हा प्ले कमी कमी होत जातो. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत चालू असतात. म्हणून आधी लिव्हर हाताने हलवून बघायची, प्ले किती आहे ते पाहायचं, आणि मगच पाना उचलायचा. ज्या गाडीला प्ले आधीच कमी आहे ती आणखी टाइट केली तर चांगल्या प्लेट जळतात, आणि त्या जाळणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही.

करायचं कसं तर सांगतो. इंजिन बंद आणि थंड पाहिजे, हँडल सरळ पाहिजे. लिव्हरजवळचं रबरी टोपण मागे सरकवा, आत एक हाताने फिरणारा ॲडजस्टर आणि त्याच्यावर एक गोल लॉकनट दिसेल. ॲडजस्टर बाहेर काढला की प्ले कमी होतो, आत घातला की प्ले वाढतो. थोडाच फरक हवा असेल तर वरच्या वर काम होतं, पण तो ॲडजस्टर आधीच खूप बाहेर आलेला असेल तर अजून बाहेर ओढू नका, थोड्याच आट्यांवर लटकलेला ॲडजस्टर खड्ड्यात वाकतो किंवा तुटतो. अशा वेळी वरचा पूर्ण आत घालायचा, एक-दोन आटे परत बाहेर घ्यायचे, आणि मुख्य सेटिंग खाली इंजिनजवळ करायचं. बहुतेक गाड्यांना हा खालचा ॲडजस्टर उजव्या बाजूला क्लच कव्हरच्या वर असतो, तिथे वायरवर दोन नट दिसतात, गाडीप्रमाणे १० किंवा १२ नंबरचे पाने लागतात, एक नट धरायचा, दुसरा फिरवायचा, प्ले जमला की दोन्ही एकमेकांवर कसून टाकायचे. मग वर येऊन बारीक फरक करायचा आणि लॉकनट घट्ट. शेवटी वरच्या ॲडजस्टरची आणि लॉकनटची चीर, म्हणजे वायर आत घालायची फट, एका रेषेत ठेवू नका, नाहीतर तिथून पाणी सरळ आत जातं आणि एखाद्या दिवशी वायर त्या चिरेतून बाहेर येते. टोपण परत बसवायला विसरू नका, अर्ध्या गाड्यांचं ते टोपण फाटलेलं किंवा गायबच असतं आणि पावसाचं पाणी तिथूनच उतरतं.

झालं की हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून परत प्ले बघा. बदलत असेल तर वायर कुठेतरी ओढली जातेय. हल्ली मोबाइल होल्डर लावतात, त्याच्या क्लॅम्पखाली किंवा प्लास्टिकच्या टायखाली वायर आवळलेली सापडते, डिलिव्हरीच्या गाड्यांमध्ये तर हे नेहमीचं झालंय. उंच हँडल बसवलेल्या गाड्यांना तर मूळ वायर पुरतच नाही, तिथे कितीही ॲडजस्ट करा, वळणावर क्लच स्वतःच ओढला जातो.

मग गाडी चालू करून सपाट जागेवर, ब्रेक धरून, क्लच पूर्ण दाबून पहिला टाका. आवाज टक एवढाच आला, इंजिन दबलं नाही, गाडी पुढे रेटली नाही तर काम झालं. पण एवढ्यावर थांबायचं नाही, रिकाम्या रस्त्यावर वरच्या गियरला कमी स्पीडला असताना ॲक्सिलरेटर द्या, इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी उचल घेत नाहीये असं वाटलं तर प्ले कमी पडतोय, थोडा परत द्या. ही दुसरी तपासणी करत नाहीत म्हणून लोकांच्या प्लेट जातात. आणि गाडी मेन स्टँडवर लावून चालू करून मागच्या चाकाजवळ हात-पाय नेऊ नका, चाक फिरतं का बघायला काही जण पायाने थांबवतात, ते अजिबात करू नका.

वायर स्वतः कशी आहे ते पण बघा. लिव्हरजवळच्या टोकाला एखादी बारीक तार तुटून वर आलेली दिसली की ॲडजस्ट करत बसू नका, वायर बदला, ती पुढच्या काही दिवसांत तुटणारच आणि तुटेल ती नेमकी फ्लायओव्हरच्या मध्यावर. लिव्हरचा बोल्ट जिथे फिरतो ते भोक अंडाकृती झालं असेल, लिव्हर वरखाली डुलत असेल, तर तिथेही प्रवास वाया जातो, लिव्हर स्वस्त असते, बदलून टाका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून गल्लीतल्या दुकानापर्यंत सगळीकडे ओरिजिनलसारख्या पॅकिंगमध्ये डुप्लिकेट वायर मिळते, तिचं कव्हर लवकर दबतं आणि मग प्ले टिकतच नाही, वाचलेले पैसे तिथेच जातात.

सकाळच्या पहिल्या गियरबद्दल वेगळं सांगतो कारण त्यावरून उगाच गाड्या उघडल्या जातात. बाइकचा क्लच तेलात बुडालेला असतो, रात्रभर उभी राहिली की थंड जाड तेलामुळे प्लेट ओले पापड चिकटावेत तशा एकमेकांना चिकटतात, त्यामुळे सकाळी पहिला गियर थोडा जोरात पडणं साहजिक आहे. इंजिन बंद असतानाच गियरमध्ये टाकून, क्लच दाबून गाडी थोडी पुढेमागे हलवा, प्लेट सुटतात. मग न्यूट्रलला चालू करा, थोडी चालू राहू द्या, क्लच दाबून एक-दोन सेकंद थांबा आणि मग पहिला टाका. दिवसभर नंतर आवाज येत नसेल तर त्या गाडीला काहीही झालेलं नाही.

तेलाबद्दल थोडक्यात. डब्यावर जासो (JASO, जपानी दर्जाची खूण) एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहिजे, हे ओल्या क्लचच्या बाइकसाठी असतं. एमबी लिहिलेलं गियरलेस स्कूटरसाठी. कारचं तेल स्वस्त पडतं किंवा घरात उरलंय म्हणून बाइकमध्ये टाकू नका, त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात आणि क्लच घसरायला लागतो. तेल जुनं होऊन काळं पडलं असेल किंवा प्रमाणापेक्षा जास्त भरलं असेल तरी गियर जड पडतो. आयडल स्पीड, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं तो वेग, वाढवून ठेवलेला असेल तरी खडाक होतो, बऱ्याच कम्युटर गाड्यांना तो मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असायला पाहिजे, पण सकाळी बंद पडते म्हणून लोक स्क्रू फिरवून ठेवतात. चेन ढिली असेल तर गियर बदलताना मागून धाडकन आवाज येतो, तो क्लचचा नाही.

आणि जिथे खरंच इंजिन उघडावं लागतं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील हा सगळंच वायरवर ढकलतोय. प्ले बरोबर आहे, वायर हलकी चालतेय, तेल नवीन आहे आणि तरीही गाडी क्लच दाबून पुढे रेटते, तर प्लेट वाकल्या असतील किंवा क्लचच्या बाहेरच्या घंटीला, ज्यात प्लेटचे कान सरकतात, तिथे खाचा पडल्या असतील, त्या खाचांत प्लेट अडकतात. गाडी न्यूट्रलला उभी असताना खडखड येते आणि क्लच दाबला की ती बंद होते, तर घंटीच्या स्प्रिंगा किंवा रिव्हेट ढिले असू शकतात, तिथे वायर कितीही फिरवा उपयोग नाही. तेल काढताना त्यात चकाकणारे लोखंडाचे बारीक तुकडे दिसले तर गाडी चालवू नका. पण उघडणाऱ्याला सांगा, जुन्या प्लेट समोर दाखव. जास्त तापलेली लोखंडी प्लेट निळसर पडते, जळलेल्या फ्रिक्शन प्लेटला वास येतो, हे डोळ्यांनी आणि नाकाने कळतं, त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही.

मध्यंतरी विक्रोळीचा एक डिलिव्हरी करणारा मुलगा गाडी ढकलत आला होता, त्याला एका ठिकाणी गियरबॉक्सचा खर्च सांगितला होता आणि दोन दिवस गाडी ठेवावी लागेल म्हणाले होते, त्याची दोन दिवसांची कमाई गेली असती ती वेगळी. मोबाइल होल्डर सैल केला, वायर नीट फिरवून घेतली, प्ले दिला, गाडी शांत. त्याने विचारलं की हे मला आधी कुणी का नाही सांगितलं. त्याचा हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून तोच प्रश्न मी आपल्या मार्फत पुढे विचारतो.

शोरूमवाले नवीन गाडीची चावी देताना हार घालतात, फोटो काढतात, त्यातली पाच मिनिटं गिऱ्हाइकाला क्लचचा प्ले आणि चेनचा ढिलेपणा हाताला लावून दाखवायला का देत नाहीत? गाडीसोबतचं पुस्तक इथल्या गिऱ्हाइकाला मराठीत का मिळू नये, निदान ही दोन-चार पानं तरी? ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली या आरटीओंमध्ये लर्निंगची परीक्षा देताना पोरं सिग्नलच्या खुणा पाठ करतात, त्यात एक प्रश्न असा असू दे की क्लच दाबून गाडी पुढे सरकत असेल तर काय तपासाल. झेब्रा क्रॉसिंगवर समोर शाळेची मुलं असताना क्लच दाबलेली गाडी पुढे उडी मारते, तेव्हा हा विषय गाडीच्या मालकापुरता राहत नाही.

आणि आपल्याला विनंती, दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी, पेपरात एक लहानशी चौकट द्या, वायरमध्ये तेलाचे थेंब कसे सोडायचे, टोपण का लावायचं, प्ले कसा बघायचा. छायाचित्रासाठी गाडी आणि पाने लागले तर मी माझ्या गॅरेजमध्ये उपलब्ध करून देईन, पैसे नकोत. हे पत्र लांबलंय ते कळतंय मला, जागा कमी असेल तर खुशाल कापा, पण प्ले आधी मोजा आणि ॲडजस्ट केल्यावर क्लच घसरत नाही ना ते रस्त्यावर बघा, या दोन गोष्टी तेवढ्या राहू द्या.

आपला,
एक बाइक मेकॅनिक, भांडुप (पश्चिम), मुंबई